दात उपटण्याआधी: पुढे गेलेल्या हिरड्यांच्या रोगाचे कानमंत्र

लेकरांनो, हिरड्यांचा रोग किडलेल्या दातासारखा ठणकत नाही. ब्रश करताना थुंकीत थोडं रक्त दिसतं, सकाळी तोंडाला वास येतो, पुढच्या दातांत फटी पडतात आणि एके दिवशी भाकरीचा तुकडा मोडताना दात हलतोय असं जाणवतं. तोवर रोगाने कित्येक वर्षं काढलेली असतात. घोडनदीच्या पेठेतला दुकानदार असो, दौंडचा रेल्वेतला फिटर असो, नाहीतर केडगावकडच्या गुऱ्हाळावरचा गुळव्या असो, दवाखान्यात आल्यावर बहुतेकांचं मागणं एकच असतं: दात हलतोय, काढून टाका.

दातांच्या दवाखान्यांतलं माझं सगळं काम शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांत झालं. तुमच्या आईवडिलांचे, सासूसासऱ्यांचे दात आता या वळणावर आले असतील, म्हणून हे सांगते आहे. पायरिया, म्हणजे हाच हिरड्यांचा रोग, पुढे गेला म्हणजे सगळे दात गेले, असं समजू नका. लगेच शस्त्रक्रियाच लागते, असंही नाही. चाकू न लावता करण्याचे उपाय बरेच आहेत, पण त्यांची पायरी सारखी नाही. कोणता पाया आहे आणि कोणता जोडीचा आहे हे कळलं, की पैसाही वाचतो आणि दातही.

मोजल्याशिवाय निर्णय नको

हिरडी नुसती बघून रोग किती खोल गेला हे कुणालाच सांगता येत नाही. त्यासाठी मिलिमीटरच्या खुणा असलेली बोथट टोकाची बारीक सळई असते, तिला प्रोब म्हणतात. दात आणि हिरडी यांच्या फटीत ती अलगद सोडतात. प्रत्येक दाताभोवती सहा ठिकाणी. डॉक्टर आकडे बोलतात आणि मदतनीस कागदावर मांडते: तीन, दोन, तीन, पुढचा दात, पाच, सात, सहा, रक्त आलं. तीनपर्यंतची फट निरोगी. चार-पाच म्हणजे हिरडी दातापासून सुटू लागली आहे, त्या फटीला खिसा म्हणतात. सहा आणि त्यापुढचा खिसा खोल. तिथे ब्रशचे केस पोचत नाहीत आणि गुळणीचं पाणीही पोचत नाही.

सोबत एक्स-रे हवा, कारण दाताला धरून ठेवणारं हाड किती उरलंय हे त्यातच दिसतं. हाडाची झीज, हलणारे दात आणि गमावलेले दात बघून रोगाचे चार टप्पे ठरवतात. ही वर्गवारी २०१८ पासून जगभर चालते. तिसरा आणि चौथा टप्पा म्हणजे पुढे गेलेला रोग. तुम्ही डॉक्टरांना एवढंच विचारा: "आईचा टप्पा कोणता, आणि आकड्यांचा कागद आम्हाला मिळेल का?" तो कागद जपून ठेवा. उपचाराचा गुण आला की नाही, हे पुढे त्याच्याशी ताडूनच कळणार आहे.

शेजाऱ्याच्या तोंडाशी तुलना करू नका

आमच्या आजोबांनी कधी ब्रश धरला नाही, तरी त्यांचे बत्तीस दात शाबूत होते, असं पुष्कळ जण सांगतात. ते खरंही असतं. हॅरल्ड लो नावाच्या नॉर्वेच्या शास्त्रज्ञाने श्रीलंकेतल्या चहामळ्यांवरच्या ४८० मजुरांचे दात १९७० पासून १९८५ पर्यंत पुन्हा पुन्हा तपासले. त्या मजुरांना दाताचा डॉक्टर माहीत नव्हता. सगळ्यांच्या दातांवर कीट होतं, हिरड्या सुजलेल्या होत्या. तरी ८ टक्के लोकांचा रोग झपाट्याने वाढला, ८१ टक्क्यांचा मध्यम गतीने वाढला आणि ११ टक्क्यांचा सुजेच्या पुढे गेलाच नाही. कुणाचं शरीर कोणत्या गटातलं, हे आधी कळत नाही. आजोबा त्या ११ टक्क्यांतले असतील, आई ८ टक्क्यांतली असू शकते. म्हणून ज्याचं तोंड त्याचंच मोजायचं.

मुळाची सफाई हाच खरा उपचार

लाळेतले क्षार जंतूंच्या चिकट थरात बसत जातात आणि दाताला कीट चढतं, बोअरच्या पाण्याने हंड्याला आतून पांढरा थर चढावा तसं. हिरडीच्या वरचं कीट काढतात ती साधी सफाई. पुढे गेलेल्या रोगात तेवढी पुरत नाही. खिशाच्या तळापर्यंत जाऊन मुळावरचं कीट आणि जंतूंचा थर काढावा लागतो. दवाखान्यात तिला डीप क्लीनिंग किंवा रूट प्लेनिंग म्हणतात. भूल देऊन करतात, त्यामुळे सुईपलीकडे फारसं दुखत नाही.

हाताच्या हत्यारांनी करायची की कंप पावणाऱ्या मशिनने, यावर लोक फार अडतात. स्वीडनमधल्या माल्मो इथे अनिता बादरस्टेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात हे तपासलं. एका मुळाच्या दातांभोवती बारा मिलिमीटरपर्यंतचे खिसे त्यांनी शस्त्रक्रियेविना साफ केले. दोन्ही पद्धतींचा गुण सारखाच आला. मशिनने वेळ वाचतो, हाताने मुळाचा खडबडीतपणा बोटाला कळतो. बहुतेक चांगले डॉक्टर दोन्ही वापरतात. तुम्ही हत्यारावर वाद घालू नका, कामाला पुरेसा वेळ मिळतोय का ते बघा. पुढे गेलेल्या रोगाची सगळ्या तोंडाची खोल सफाई पंधरा मिनिटांत होत नाही.

एकाच दिवशी सगळं तोंड, की एकेक भाग चार फेऱ्यांत? गुण जवळपास सारखाच येतो. न्हावऱ्याहून किंवा मांडवगण फराट्याहून एसटीने येणाऱ्याला दोन लांब बैठका सोयीच्या पडतात. वय झालेल्या किंवा हृदयाचा आजार असलेल्या माणसाला छोट्या छोट्या बैठका बऱ्या. रांजणगाव आणि कुरकुंभच्या एमआयडीसीत पाळीने कामाला जाणाऱ्यांनी, राखीव पोलीस दलाच्या जवानांनी सुट्टी बघून तारखा आधीच ठरवून घ्याव्यात. ऊसतोड आणि गुऱ्हाळाचा हंगाम तोंडावर असेल, तर सफाई हंगामाच्या आधी उरका. अर्धवट सोडलेली सफाई केल्यासारखी धरू नका.

आता यातून मिळतं काय? चार ते सहा मिलिमीटरचा खिसा सरासरी सव्वा मिलिमीटरने कमी होतो. सात आणि त्याहून खोल खिसा दोन मिलिमीटरहून थोडा अधिक भरतो. नीट सफाई झाली, तर सहा-आठ महिन्यांत चारपैकी जवळपास तीन खिसे बंद होतात. चाकू न लावता एवढी भर दुसऱ्या कोणत्याही एका उपायाने पडत नाही. मात्र दाढांच्या मुळांना फाटे असतात. त्या फाट्यांत हत्यार पोचणं अवघड, म्हणून दाढांना गुण कमी येतो. हे डॉक्टरांनी आधी सांगितलं, तर तो त्यांचा प्रामाणिकपणा समजा.

सफाईने दात हलतात, ही भीती सोडा

आपल्या भागात या एका समजुतीपायी जेवढे दात गेले, तेवढे दुसऱ्या कशाने गेले नसतील. कीट हिरडीखाली दडून हाड झिजवत असतं आणि त्याच कीटाने फटी भरलेल्या असतात. ते निघालं की फटी उघड्या दिसतात, जिभेला पोकळ लागतं. सूज ओसरते तशी हिरडी आक्रसते, दात लांब दिसतात आणि काही आठवडे गार पाणी झोंबतं. ही सगळी लक्षणं सूज उतरल्याची आहेत. पुढच्या काही महिन्यांत बरेच दात पहिल्यापेक्षा घट्ट होतात. फार हलणारे दात बाजूच्या दातांना आतल्या बाजूने बारीक तारेने बांधून ठेवता येतात. आईला हे सफाईच्या आधी समजावून सांगा. नंतर सांगाल तर ती घाबरून दुसरी बैठक चुकवील.

गोळ्या, जेल, लेझर: जोडीला चालतील, बदली नाहीत

पहिलं, अँटिबायोटिकच्या गोळ्या. खिशातले जंतू चिकट थरात बसलेले असतात. त्या थरात गोळीचं औषध पुरतं शिरत नाही. थर हत्याराने फोडल्यावरच गोळीला काम उरतं. म्हणून सफाई न करता दर पावसाळ्यात पाच दिवसांचा कोर्स घेणं म्हणजे पैसे वाया आणि जंतू औषधाला निर्ढावलेले. तरुण वयात झपाट्याने वाढणारा रोग असेल, तर सफाईबरोबर अमॉक्सिसिलिन आणि मेट्रोनिडाझोल ही जोडी कधी कधी देतात. ते डॉक्टरांनीच ठरवावं. मेट्रोनिडाझोल चालू असताना दारूचा थेंबही नको, हे घरातल्या पुरुषांना स्पष्ट सांगा.

दुसरं, खिशात ठेवायचं औषध. क्लोरहेक्सिडिनची बारीक चकती, डॉक्सिसायक्लिनचं जेल, टेट्रासायक्लिनचे धागे. सफाई होऊनही एखाद-दोन खिसे हट्टाने उरले, तर तिथे ते वापरता येतात. सगळ्या तोंडात भरण्यात अर्थ नाही.

तिसरं, कमी मात्रेची डॉक्सिसायक्लिन, २० मिलिग्रॅमची गोळी दिवसातून दोनदा, काही महिने. ती जंतू मारण्यासाठी देत नाहीत, हिरडी कुरतडणारे शरीरातले एन्झाइम थोपवण्यासाठी देतात. अमेरिकन डेंटल असोसिएशनने २०१५ साली ती जोडीला घ्यायला हरकत नाही असं म्हटलं, युरोपच्या हिरडीतज्ज्ञांच्या संघटनेने २०२० साली ती सुचवली नाही. जाणत्यांचंच एकमत नसेल, तर तुम्ही हट्ट धरू नका.

चौथं, लेझर. पुण्याच्या जाहिराती बघून लोक याच्या मागे लागतात. रक्त नाही, दुखत नाही, एकदा केलं की झालं, असं ऐकून येतात. युरोपच्या त्याच २०२० च्या मार्गदर्शनात सफाईच्या जोडीला लेझर वापरू नये असाच कौल आहे, कारण जादा खर्चाएवढा जादा गुण दिसत नाही. लेझरने काम करणारे डॉक्टर वाईट असतात असं मी म्हणत नाही. पण हातात मोजके पैसे असतील, तर ते आधी नीट खोल सफाईला आणि पुढच्या तपासण्यांना घाला.

या जोड-उपायांचा हिशेब अमेरिकन डेंटल असोसिएशनच्या २०१५ च्या पाहणीत आला आहे. सफाईवर त्यांची जादा भर साधारण पाव ते अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास पडते, क्वचित थोडी अधिक. हा आकडा ध्यानात ठेवा आणि मग बिल बघा.

गुळणी, मीठ, लवंग

कोमट मीठपाण्याच्या गुळणीने सुजलेल्या हिरडीला बरं वाटतं. जरूर करा. लवंगेचं तेल थोडा वेळ ठणका बधिर करतं. पण सात मिलिमीटर खोल कीटापर्यंत यांतलं काहीच जात नाही. क्लोरहेक्सिडिनची गुळणी सफाईनंतर दोन आठवडे चांगली. ती महिनोन्‌महिने घेतली तर दात तपकिरी होतात आणि जिभेची चव बिघडते. पेस्टने ब्रश केल्यावर लगेच ही गुळणी करू नका, अर्धा तास जाऊ द्या, नाहीतर पेस्टमुळे तिचा जोर कमी होतो.

घरचा खरा उपाय म्हणजे हात. मऊ ब्रश, केस हिरडीच्या कडेला तिरपे टेकवून छोट्या हालचाली, दिवसातून दोनदा. हाड झिजून फटी पडल्या असतील, तिथे धागा पुरत नाही. बाटली धुवायच्या ब्रशच्या आकाराचे, काडीएवढे बारीक ब्रश औषधाच्या दुकानात मिळतात, ते फटीत घालून आतबाहेर करायचे. कोणत्या फटीला कोणता नंबर, हे डॉक्टरांकडून आरशात बघून शिका. आईच्या हाताला कंप असेल, तर हे काम लेकीने किंवा सुनेने रात्री जेवणानंतर पाच मिनिटं बसून करावं. हिरडीवर रक्त आलं म्हणून थांबू नका. रोज साफ केल्यावर रक्त काही दिवसांत कमी होतं.

मिश्री सोडल्याशिवाय सफाई टिकत नाही

आपल्या गावांत अजून तंबाखू तव्यावर काळी होईतो भाजतात, चुरून डबीत भरतात आणि पहाटे उंबऱ्यावर बसून बोटाने हिरड्यांवर घासतात. पोट साफ होतं, दात बळकट होतात, अशा समजुतीने आजी नातीलाही ती लावायला शिकवते. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. मिश्री मात्र घरच्या चुलीवर तयार होते, तिला दुकान लागत नाही. तंबाखूने हिरडीच्या रक्तवाहिन्या आखडतात, म्हणून रक्त येत नाही आणि आपली हिरडी चांगली आहे असं वाटतं. आत हाड झिजतच असतं. तंबाखू किंवा बिडी चालू असेल, तर सफाईचाही गुण कमी येतो. तोंडाच्या कॅन्सरचं तर सांगायलाच नको.

घरातल्या म्हाताऱ्या बाईवर ओरडून मिश्री सुटत नाही. सफाई झाली, हिरडी आग आग करते, तो आठवडा सोडण्यासाठी चांगला. तेव्हा डबी नजरेआड करा आणि पहाटे ब्रश हातात द्या. तंबाखू सोडण्यासाठी सरकारची मोफत हेल्पलाइन आहे, १८००-११२-३५६. लाज न बाळगता फोन करा.

शुगर आणि चालू औषधं लपवू नका

शुगर वाढलेली असेल तर हिरडी भरून येत नाही, आणि हिरडीत पू असेल तर शुगर उतरत नाही. दोन्ही एकमेकांना धरून असतात. मधुमेही माणसाच्या हिरड्यांचा नीट उपचार केला, तर तीन-चार महिन्यांत तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची तपासणी, म्हणजे एचबीए१सी, सुमारे ०.४ टक्क्याने खाली येते. म्हणून शुगरचा ताजा रिपोर्ट दाताच्या डॉक्टरांना दाखवा आणि हिरड्यांचा कागद शुगरच्या डॉक्टरांना.

ब्लड प्रेशरची अम्लोडिपिन आणि फिट्सची फेनिटोइन या गोळ्यांनी काहींची हिरडी फुगून दातावर चढते. तसं दिसलं तर गोळी बदलता येते का, हे ज्यांनी लिहून दिली त्यांना विचारा. रक्त पातळ करणारी गोळी सफाईसाठी मनाने बंद करू नका. हाडांच्या ठिसूळपणाची इंजेक्शनं घेतली असतील, तर दात काढण्याचा विषय निघण्याआधीच ते सांगा.

तीन महिन्यांनी पुन्हा मोजा

सफाईनंतर साधारण तीन महिन्यांनी तीच सळई, तेच सहा ठिकाणचे आकडे. जुना कागद शेजारी ठेवा. खिसा चारपर्यंत आला आणि रक्त येत नसेल, तर तो खिसा जिंकला. पाच उरला असेल, तर तिथे पुन्हा सफाई. सहा किंवा त्याहून खोल खिसे रक्तासह उरले, हाडाला खड्डे असतील, तर मग हिरडी उघडून करायची शस्त्रक्रिया विचारात घ्यावी. तोवरच्या उपचाराने हिरडी घट्ट झालेली असते, म्हणून शस्त्रक्रियाही सोपी जाते. वर-खाली दबणारा, हाड जवळपास संपलेला दात मात्र काढावाच लागतो. तो धरून ठेवण्यात शेजारच्या दाताचं नुकसान आहे.

यानंतरचं काम जन्मभराचं. साफ केलेल्या खिशांत जंतू काही आठवड्यांतच पुन्हा जमू लागतात, म्हणून सुरुवातीला दर तीन-चार महिन्यांनी तपासणी आणि सफाई. बरं वाटतंय म्हणून ही फेरी चुकवणारेच पुढे कवळीपर्यंत पोचतात. दिवाळी, मकरसंक्रांत, अक्षय्यतृतीया, गणपती असे सण धरून तारखा लावा, म्हणजे घरात कुणीतरी आठवण करील.

कुठे जायचं, काय विचारायचं

साधी खोल सफाई तालुक्याच्या गावी चांगल्या दातांच्या डॉक्टरांकडे होते. रोग तिसऱ्या-चौथ्या टप्प्यात असेल, तर हिरड्यांच्या तज्ज्ञाचं, पेरिओडोंटिस्टचं, मत एकदा घ्या. खर्च झेपत नसेल तर दंत महाविद्यालय गाठा. दौंडहून पुण्याला रेल्वे आहे. धनकवडीला भारती विद्यापीठ, पिंपरीला डी. वाय. पाटील, वडगावला सिंहगड, कॅम्पात आझम कॅम्पसमध्ये रंगूनवाला. शिरूरकरांना नगरच्या बाजूने सोयीचं असेल, तर लोणीला प्रवरेचं ग्रामीण दंत महाविद्यालय आहे. तिथे शिकणारी मुलं शिक्षकांच्या देखरेखीखाली काम करतात. वेळ जास्त लागतो, पण फी कमी असते आणि मोजमाप नीट लिहून ठेवतात.

कुठेही गेलात तरी खुर्चीत बसण्याआधी चार गोष्टी विचारा. खिसे मोजणार का? किती बैठका लागतील आणि सगळा खर्च मिळून किती? जेल किंवा लेझर सुचवत असाल, तर ते सफाईनंतर उरलेल्या कोणत्या खिशासाठी? आणि तीन महिन्यांनी पुन्हा मोजणार का? ज्या दवाखान्यात या प्रश्नांची सरळ उत्तरं मिळतात, तिथे खुशाल दात सोपवा. कुणी न मोजता सगळे दात काढून इम्प्लांट बसवायला सांगत असेल, तर तिथून उठा आणि दुसरं मत घ्या. इम्प्लांटभोवतीही हाच रोग होतो, आणि ज्या तोंडात सफाई टिकत नाही तिथे इम्प्लांटही टिकत नाही.

लेकरांनो, या महिन्यात एक काम करा. घरातल्या पन्नाशीपुढच्या माणसाला विचारा, थुंकीत रक्त येतं का, दात हलतोय का. हो म्हणाले, तर या आठवड्यातच मोजणीला घेऊन जा. दात हलत असला तरी बरेचदा तो वाचवता येतो. उपटलेला दात पुन्हा बसवता येत नाही.